कोकम आगळ पुन्हा ‘पेयां’त गेलंय? खाद्यपदार्थांच्या वर्गवारीचा नेहमीचा घोळ आणि तो सोडवायची पद्धत

ओपन फूड फॅक्ट्सवर, म्हणजे पाकीटबंद खाद्यपदार्थांच्या खुल्या डेटाबेसवर, कोकणातल्या उत्पादनांच्या नोंदी करणाऱ्या आणि तपासणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. वर्गवारीचा हा घोळ दरवर्षी ठरलेला असतो. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, परतताना आंबापोळी, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), काजू, मालवणी मसाला बांधून नेतात आणि त्यांतली हौशी मंडळी फोनने बारकोड स्कॅन करून नोंदी घालतात. नोंदी वाढतात याचा मला मनापासून आनंद आहे. पण पाऊस सुरू झाल्यावर यादी उघडली की एकच पदार्थ चार वेगवेगळ्या वर्गांत विखुरलेला दिसतो. गणपतीनंतर पुन्हा तेच. दुरुस्ती बहुतेक वेळा सोपी असते, फक्त ती योग्य क्रमाने करावी लागते.

लक्षणं

खालीलपैकी एक जरी दिसलं तरी पुढच्या तपासण्या करा.

- ‘कोकम आगळ’ असा वर्ग लिहून जतन केला, पण त्या वर्गाच्या पानावर तुमची एकच बाटली दिसते. दुसऱ्या उत्पादकाची तशीच बाटली डेटाबेसमध्ये आहे, पण या पानावर नाही.
- पोषणमूल्यांचा तक्ता पूर्ण भरलाय, तरी न्यूट्रिस्कोर, म्हणजे पोषणमूल्यांवरून मिळणारा ‘ए’ ते ‘ई’ दर्जा, निघत नाही.
- न्यूट्रिस्कोर निघतो पण पटत नाही. किंवा वर्गातल्या सरासरीशी तुलना करताना मिठाचा आकडा कितीतरी पट जास्त दिसतो.
- एकाच नोंदीत न जुळणारे वर्ग आहेत: पेय आणि मसाला, सुका मेवा आणि मिठाई.
- वर्गाच्या नावाआधी भाषेची दोन लॅटिन अक्षरं आणि दोन टिंबं दिसतात. इंग्रजीसाठी ईएन, मराठीसाठी एमआर.
- तुम्ही दुरुस्त केलेला वर्ग काही दिवसांनी पुन्हा जुन्यावर गेलेला असतो.

वर्ग चुकला तर बिघडतं काय?

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. हा डेटाबेस 2012 मध्ये फ्रान्समध्ये स्तेफान जिगांदे यांनी सुरू केला. कोणीही नोंद घालू शकतो, कोणीही सुधारू शकतो आणि सगळी माहिती खुल्या परवान्यावर मिळते. त्यामागे एक वर्गसूची असते. तिच्यात प्रत्येक वर्गाचे वरचे वर्ग, पोटवर्ग आणि निरनिराळ्या भाषांतली नावं बांधलेली असतात. तुम्ही लिहिलेलं नाव त्या सूचीशी जुळलं तरच यंत्रणेला ते कळतं. नाही जुळलं तर नाव तसंच पडून राहतं. दिसायला वर्गासारखं दिसतं, पण ते कशालाच जोडलेलं नसतं.

शिवाय वर्गावर गणित अवलंबून असतं. फ्रान्सने 2017 मध्ये स्वीकारलेला न्यूट्रिस्कोर पेयांना वेगळ्या मोजपट्टीने तोलतो. तितकीच साखर पेयात असली तर तिचा फटका जास्त बसतो आणि पेयांमध्ये ‘ए’ दर्जा फक्त पाण्याला मिळतो. तेल-तूप आणि काजू-बदामासारख्या कवचफळांनाही आता वेगळं गणित लागतं. म्हणून आगळाला पेय ठरवलं तर आगळाचा दर्जा चुकतोच, पण त्या वर्गाची सरासरीही बिघडते. मग तुलना बघणाऱ्या प्रत्येकाला चुकीचा आकडा दिसतो.

पहिली तपासणी: भाषा बदलून बघा

मिनिटभराचं काम आहे, आणि निम्मं निदान इथेच होतं.

वेबसाइट मराठीत उघडली असेल तर न ओळखलेलं मराठी नावही अगदी व्यवस्थित दिसतं, त्यामुळे फसायला होतं. तीच नोंद इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये उघडा. वर्गाचं नाव त्या भाषेत बदललं तर यंत्रणेला तो वर्ग माहीत आहे. पुढे एमआर लागून नाव देवनागरीतच राहिलं, तर ते बहुधा सूचीत नाही. फ्रेंच नावं बरीच भरलेली असतात, म्हणून मी फ्रेंच करून बघते. इंग्रजी शब्द मुळातच कोणीतरी हाताने टाकला असेल तर तो इंग्रजीत बघून कळत नाही.

याच्या उलट प्रकारही होतो. मराठीत बघताना ईएन लागून इंग्रजी नाव दिसलं की लोक घाबरून ते काढून टाकतात. तसं करू नका. फ्रेंचमध्ये ते नाव बदलत असेल तर वर्ग बरोबर आहे, फक्त त्याला मराठी नाव कोणी दिलेलं नाही.

तिसरा प्रकार म्हणजे ईएन आणि त्यापुढे देवनागरी नाव. ॲप इंग्रजीत ठेवून मराठी टाइप केल्याची ही खूण. यंत्रणा ते नाव इंग्रजी समजून शोधते आणि अर्थातच तिला ते सापडत नाही.

दुसरी तपासणी: टाइप केलेलं नाव

सगळ्यात आधी स्वल्पविराम बघा. वर्गाच्या रकान्यात स्वल्पविराम म्हणजे दोन वर्गांमधली भिंत. ‘सरबत, कोकम’ असं लिहिलं की ‘सरबत’ एक आणि ‘कोकम’ दुसरा असे दोन वर्ग तयार होतात.

मग अक्षरं. देवनागरीत डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द संगणकाला सारखा असतोच असं नाही. ‘फणसाच्या गऱ्यांचे चिप्स’ हेच घ्या. यातला ‘ऱ्य’ काही कीबोर्डवर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून येतो, तर काहींवर साध्या ‘र’ला हलन्त देऊन आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून येतो. दोन्ही पडद्यावर हुबेहूब दिसतात, पण दोन वेगळे शब्द म्हणून साठवले जातात. त्यात घाईत ‘गर्यांचे’ असं रफार देऊन लिहिणारे असतातच. झाले एका पाकिटाचे तीन वर्ग. ‘ॲ’चंही तेच: एक अक्षर म्हणून टाइप केला तर वेगळा, ‘अ’वर चंद्र देऊन केला तर वेगळा. काजूच्या बोंडांच्या सिरपवर हल्ली सर्रास ‘कॅश्यू ॲपल’ असं छापतात, तिथे हा गोंधळ हमखास सापडतो. त्याशिवाय एकवचन-अनेकवचन आणि सरबत-शरबत आहेच.

उपाय सोपा आहे. नाव टाइप करू नका. खाली येणाऱ्या सुचवण्यांतून निवडा, नाहीतर योग्य वर्ग असलेल्या दुसऱ्या नोंदीतून नक्कल करून चिकटवा. सुचवण्यांत नावच येत नसेल तर ते मराठीत सूचीत नाही असं धरून इंग्रजी नावाने शोधा.

तिसरी तपासणी: वर्गाच्या रकान्यात भलतंच काही आहे का?

‘घरगुती’, ‘बचत गट’, ‘उपवासाचे’, ‘कोकण मेवा’, ‘सेंद्रिय’, ‘काचेची बाटली’. यांतला एकही खाद्यपदार्थाचा वर्ग नाही. मूळ ठिकाण, उत्पादक, लेबलावरचे दावे, वेष्टन, दुकान यांना स्वतंत्र रकाने आहेत. तिथे हलवा.

‘हापूस’बद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे भावना गुंतलेल्या असतात. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे आणि नोंदीत ती यायलाच हवी, पण पाकिटावर तसं छापलेलं असेल तर, आणि मूळ ठिकाणाच्या किंवा लेबलाच्या रकान्यात. डब्यातला हापूसचा गर वर्गाने आंब्याचा गरच राहतो. ‘हापूस’ नावाचा स्वतंत्र वर्ग हाताने टाकला की लोणचं, पोळी, गर, बर्फी सगळं त्याखाली एकत्र येतं आणि त्या वर्गाला अर्थ उरत नाही.

चौथी तपासणी: पाकीट उलटं करा, घटक वाचा

आतापर्यंतचं सगळं पडद्यावर झालं. आता वस्तू हातात घ्यायची, किंवा निदान मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो उघडायचा. माझ्या अनुभवात खऱ्या चुका इथे असतात. समोरच्या नावावरून वर्ग ठरवणं हे त्यांचं मूळ. वर्ग ठरतो तो पाकिटात काय आहे आणि ते कोणत्या स्थितीत विकलं जातंय यावरून.

भारतात घटक वजनाच्या किंवा आकारमानाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणून पहिले दोन घटक वाचले तरी बहुतेक वेळा उत्तर मिळतं. कोकमाचं घर मोठं आहे, त्यावरच करून दाखवते.

घटकांत कोकमाचा रस आणि मीठ एवढंच असेल तर ते आगळ. ते थेट कोणी पीत नाही. सोलकढीत घालतात, आमटीत घालतात, मासळीला लावतात. तेव्हा ते स्वयंपाकाचं आंबट साहित्य झालं, पेय नव्हे. बाटलीवर सोलकढीच्या पेल्याचं चित्र असतं आणि तिथेच लोक फसतात. ते चित्र वापर दाखवतं.

पहिला घटक साखर, मग कोकम, आणि ‘एक भाग सरबत, चार भाग पाणी’ अशासारखी सूचना असेल तर ते अमृत कोकम किंवा कोकम सरबत. हे पाण्यात मिसळून पेय बनवायचं साहित्य आहे. डेटाबेसमध्ये ‘पेये’ आणि ‘पेय बनवण्याचं साहित्य’ या दोन वेगळ्या फांद्या आहेत. वर त्या एका मोठ्या वर्गात भेटतात, पण खाली वेगळ्या राहतात. इथे आणखी एक गोष्ट बघा: पोषणमूल्यांचा तक्ता बाटलीतल्या घट्ट सरबताचा आहे की पाणी घातल्यानंतरच्या पेल्याचा? नोंदीत ‘विकल्याप्रमाणे’ आणि ‘तयार केल्यावर’ असे दोन पर्याय असतात. वर्ग बरोबर आणि हा पर्याय चुकीचा, असं असलं तरी स्कोर चुकतो आणि दोष मात्र वर्गाला दिला जातो.

पहिला घटक पाणी असेल आणि बाटली उघडून प्यायची असेल, तर ते तयार पेय. लेबलावर फळांच्या रसाची टक्केवारी छापलेली असेल तर तीही मदतीला येते. एफएसएसएआय, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, मानकांत स्क्वॅशला किमान 25 टक्के रस लागतो, थेट पिण्याच्या फळपेयाला साधारणपणे किमान 10 टक्के.

वाळवलेली सालं म्हणजे आमसूल. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सालं रसात बुडवून उन्हात वाळवतात. आगळासारखंच हेही आंबटपणासाठी वापरतात, पण ते घन आणि वाळलेलं असतं. म्हणून सरबताच्या वर्गात त्याला जागा नाही, आगळाच्या वर्गातही नाही.

तयार सोलकढी पांढरट-गुलाबी असते, त्यामुळे कोकणाबाहेरचे लोक ती ताकाच्या किंवा दुधाच्या पदार्थांत टाकतात. घटकांत नारळाचं दूध आणि कोकम आहे, गाई-म्हशीचं दूध नाही. दुग्धजन्य पदार्थ न खाणाऱ्यांसाठी ही साधी चूक नाही, ती लगेच दुरुस्त करा.

आणि बियांचं तेल, मुठेल. साध्या तापमानालाही ते घट्ट गोळाच राहतं आणि टाचांच्या भेगांना लावतात. लेबलावर खाद्यतेल म्हणून विकलं असेल तरच ते इथे ठेवायचं. त्वचेसाठी विकलं असेल तर त्याची जागा ओपन ब्यूटी फॅक्ट्स या भावंड डेटाबेसमध्ये आहे.

बाकीच्या पदार्थांना हीच पद्धत लावा. आंबापोळी आणि फणसपोळी यांच्या नावात पोळी असल्यामुळे त्या चपातीच्या वर्गात सापडतात. घटकांत पीठ नाही, फक्त फळांचा गर आणि असली तर साखर, म्हणजे हा वाळवलेल्या फळाचा पदार्थ. डब्यातला ‘आंब्याचा रस’ चुकून फळांच्या ज्यूसमध्ये जातो. तो गर आहे, आणि साखर घातलेला व न घातलेला वेगळा. मालवणी वड्यांचं पीठ चुकून तळणीच्या पदार्थांत जातं. पाकिटात पीठ आहे, वडे तुम्ही घरी तळणार. कुळथाचं पीठ पिठलं होईपर्यंत कडधान्याचं पीठच. खारे काजू, मसाला काजू, काजूकतली यांत पहिला घटक काजू आहे की साखर की बेसन ते बघा. काजू पहिला आणि वर फक्त मीठ-मसाला असेल तर कवचफळांचा वर्ग ठेवा. फरसाणात टाकलेत तर न्यूट्रिस्कोरचं गणितच बदलतं.

सुक्या मासळीकडे नीट लक्ष द्या. बाजारात आपण सगळ्याला सुकी मासळी म्हणतो, पण बोंबील, बांगडा हे मासे आहेत, तर सोडे आणि जवळा हे कोळंबीच्या जातीचे, कवचधारी. एफएसएसएआयच्या 2020 च्या लेबल नियमांत मासे आणि कवचधारी प्राणी हे ॲलर्जीच्या दृष्टीने दोन वेगळे गट आहेत. कोळंबी न चालणारा माणूस मासा मात्र मजेत खात असतो. त्याने सोड्यांचं पाकीट माशांच्या वर्गात बघितलं तर काय होईल, याचा विचार करून वर्ग निवडा.

पाचवी तपासणी: वरचे वर्ग आपसात भांडतायत का?

सगळ्यात नेमका वर्ग दिला की त्याचे वरचे वर्ग यंत्रणा स्वतःच जोडते. ते हाताने भरायची गरज नाही. पण लोक सवयीने ‘पेये, फळांचे पदार्थ, सरबत’ अशी सगळी उतरंड टाइप करतात. पुढे कोणी नेमका वर्ग बदलतो, पण हाताने टाकलेला ‘पेये’ तसाच राहतो. आगळाच्या नोंदीत स्वयंपाकाचं साहित्य आणि पेय हे दोन्ही दिसतात ते यामुळे. रकान्यातली सगळी नावं वाचा, फक्त सगळ्यात नेमकं ठेवा, जतन करा आणि वर काय आपोआप जोडलं गेलं ते बघा. एका वर्गाला दोन वरचे वर्ग असू शकतात, ती चूक नाही. आगळ फळापासून बनतं आणि स्वयंपाकात लागतं, दोन्ही खरं आहे. पेय आहे हे मात्र खरं नाही.

सहावी तपासणी: इतिहास आणि बारकोड

दुरुस्ती टिकत नसेल तर पुन्हा पुन्हा तीच दुरुस्ती करू नका. नोंदीचा इतिहास उघडा, कोणी, कधी, कोणत्या ॲपमधून बदललं ते बघा.

कधी उत्तर साधं असतं. गावी रेंज नसताना केलेला बदल फोनमध्ये अडकून राहतो आणि मुंबईला पोचल्यावर वर चढतो, तुमच्या दुरुस्तीनंतर. कधी रोबोटॉफ, म्हणजे फोटो आणि नावावरून वर्ग सुचवणारी यंत्रणा, प्रश्न विचारते आणि कोणीतरी न बघता ‘हो’ म्हणतं. अशा वेळी घटकांचा स्वच्छ फोटो जोडून ठेवला तर पुढचा माणूस अडखळून विचार करतो.

पण कोकणातल्या छोट्या उत्पादकांच्या बाबतीत एक खोल कारण असतं: एकच बारकोड दोन वस्तूंवर. एखादा गट एकदाच क्रमांक घेतो आणि तोच आगळावरही छापतो, अमृत कोकमावरही. मग मुंबईत आगळ घेतलेला माणूस नोंद आगळाची करतो, पुण्यात सरबत घेतलेला सरबताची, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. इतिहासातले जुने फोटो लागोपाठ बघितले की हे चटकन लक्षात येतं: बाटलीचा आकार एक, लेबलाचा रंग दुसरा. हे डेटाबेसमध्ये सुटणारं दुखणं नाही. उत्पादकाला नम्रपणे सांगा की प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक वजनाच्या पाकिटाला वेगळा क्रमांक लागतो. क्रमांक 890 ने सुरू होत असेल तर तो जीएस1 इंडिया या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून दिलेला असतो, आणि तिथे नवीन क्रमांकांची सोय होते. त्यावरून वस्तू भारतातच बनली असं मात्र सिद्ध होत नाही.

क्रमांक 2 ने सुरू होत असेल तर जपून. ते आकडे दुकानाच्या अंतर्गत वापराचे असतात. मॉलमध्ये तोलून दिलेल्या सुक्या बोंबलाचा आजचा क्रमांक दुसऱ्या दुकानात भलत्याच वस्तूचा असेल.

सातवी तपासणी: वर्ग सूचीत मुळात आहे का?

एवढं सगळं करूनही नेमका वर्ग सापडत नसेल, तर तो सूचीत अजून नसेल. ही शक्यता शेवटी तपासायची, कारण नवा वर्ग मागणाऱ्या बऱ्याच जणांना हवा असलेला वर्ग दुसऱ्या नावाने आधीच असतो.

वर्गसूची ही एक साधी मजकूर फाइल आहे. प्रत्येक वर्गाचा एक गट. त्यात भाषेप्रमाणे एकेक ओळ, ओळीत स्वल्पविरामाने वेगळी केलेली समानार्थी नावं, आणि वरच्या वर्गाची ओळ बाणासारख्या चिन्हाने सुरू होते. असलेल्या वर्गाला मराठी नाव जोडणं हे तुलनेने निर्धोक काम आहे, आणि आपण मराठी माणसांनी ते भरपूर करायला हवं. ओळीतलं पहिलं नाव लोकांना दिसतं, बाकीची शोधायला उपयोगी पडतात. म्हणून पहिलं नाव सर्वांना कळेल असं द्या आणि रत्नागिरीचं, मालवणचं, अलिबागचं वेगळं नाव असेल तर ते मागे जोडा. ‘साठ’ म्हणणाऱ्यालाही आंबापोळी मिळायला हवी. बदल मंजूर झाल्यावर जुन्या नोंदी लगेच बदलतीलच असं नाही. एखादी नोंद उघडून पुन्हा जतन करून बघा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

नवा वर्ग तयार करणं किंवा वरचा वर्ग बदलणं एकट्याने करू नका. सूचीतली एक ओळ हलवली की जगभरच्या नोंदींचं गणित हलतं. हे काम वर्गसूची सांभाळणाऱ्या मंडळींशी बोलूनच करायचं.

शेकडो नोंदी एका फटक्यात बदलायच्या असतील तरीही थांबा. स्क्रिप्टने वर्गाचा रकाना पाठवला की जुनं सगळं पुसून नवं बसतं. जुन्यात भर घालायची पद्धत वेगळी आहे. आधी विचारा, मग दोन-चार नोंदींवर करून दाखवा.

तुमची दुरुस्ती दोनदा उलटवली गेली असेल तर तिसऱ्यांदा करू नका. समोरच्याला कारण विचारा, उत्तर नाही आलं तर डेटाबेसच्या नियामकांकडे जा.

ॲलर्जीची माहिती वर्गावरून कधीही भरू नका. सोडे आहेत म्हणून कवचधारी, असं तुम्हाला कळत असलं तरी त्याच गिरणीत शेंगदाणे दळतात का, हे फक्त उत्पादकाला माहीत असतं. लेबलावर नसेल तर उत्पादकाला विचारा आणि तोवर रकाना मोकळा ठेवा.

बचत गटातल्या ताई किंवा काकी विचारतात, ‘तुम्ही आमचं आगळ ज्या वर्गात टाकलंत तोच आम्ही लायसन्सला लिहू का?’ याचं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असं द्या. एफएसएसएआयची वर्गवारी वेगळी आहे. ती कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या धर्तीवर चालते: 04 फळं-भाज्या, 09 मासळी, 12 मीठ-मसाले, 14 पेये अशी. त्यावर पदार्थात काय घालता येतं हे ठरतं, आणि चूक झाली तर त्रास त्यांना होतो. हे काम अन्नतंत्रज्ञाचं किंवा अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांचं. प्रक्रियेबद्दल शंका असेल तर दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे. 1972 पासून कोकणातल्या पिकांवर काम करणारी ही संस्था आपल्या दाराशी आहे, तिचा उपयोग करून घ्या.

वर्गसूचीच्या मंडळींकडे प्रश्न नेताना हात हलवत जाऊ नका. बारकोड, समोरचा फोटो, घटकांचा फोटो, इंग्रजी आणि मराठी नावं, समानार्थी शब्द, तुमच्या मते वरचा वर्ग कोणता आणि का, आणि शक्य तर निरनिराळ्या उत्पादकांच्या तशाच वस्तूंच्या नोंदी सोबत द्या. एकाच उत्पादकाची एकच बाटली दाखवून नवा वर्ग मागितला तर तो मिळणं अवघड जातं, आणि ते रास्तही आहे. उत्तर यायला वेळ लागतो. तोवर नोंदीत सूचीत असलेला सगळ्यात जवळचा वर्ग ठेवा, पदार्थाचं खरं नाव उत्पादनाच्या नावाच्या रकान्यात लिहा, आणि वर्गाचा रकाना रिकामा सोडू नका.